निरोप पोहोचला, माणूस पोहोचणार का?

खेड्यात बालपण गेलेल्या आणि आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ‘नारू’ हा शब्द ऐकताच अंगावर काटा उभा राहिल्यावाचून राहणार नाही. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, तेच प्यायचे आणि वर्षभराने एखाद्याच्या पायावरील फोडातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जिवंत कृमी बाहेर डोकावू लागायचा. हातभर, कधी त्याहूनही लांब. काडीला गुंडाळत तो दररोज थोडा थोडा ओढून काढायचा. मध्येच तुटला की पाय सुजायचा, पिकायचा. ऐन पेरणीच्या तोंडावर घरचा कर्ता पुरुष अंथरुणाला खिळायचा. या रोगावर औषध नव्हते, लस नव्हती, आजही नाही. तरीसुद्धा १९८४ मध्ये सुमारे चाळीस हजार नारूग्रस्त असलेल्या आपल्या देशात या रोगाचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

औषध नसताना हे घडले कसे? घडले ते शोधामुळे. आरोग्य कर्मचारी वर्षातून ठरावीक वेळा गावोगाव, घरोघर फिरले. नारूचे चित्र दाखवून ‘असे कोणाला झाले आहे का?’ असे विचारत राहिले. रुग्ण सापडला की त्याची जखम बांधायची, त्याला विहिरीत उतरू द्यायचे नाही, गावाला पाणी फडक्याने गाळून प्यायला शिकवायचे, विहिरीत औषध टाकायचे आणि जमेल तेथे पायऱ्यांच्या विहिरीऐवजी हातपंप द्यायचा, हाच तो सारा उपाय. रुग्ण कळवणाऱ्यास बक्षीसही ठेवले होते. थोडक्यात, ‘रोग नेमका कोठे आहे’ ही माहिती वेळेवर मिळाली आणि ती मिळताच कोणीतरी तेथे चालत गेले, म्हणून नारू गेला.

येथे आणखी एक तारीख ध्यानात घेण्याजोगी आहे. भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण कोलकाता आणि दिल्ली यांच्या दरम्यान ३१ जुलै १९९५ रोजी झाले. म्हणजे देशातील नारू संपुष्टात येत असताना भ्रमणध्वनी नुकताच जन्माला येत होता. नारूविरुद्धची लढाई आपण मोबाईलवाचून जिंकलो.

हे सांगण्याचे प्रयोजन असे, की आज प्रत्येक परोपजीवी रोगावर, म्हणजे हिवताप, हत्तीरोग, काळा आजार यांवर मोबाईल आणि संगणकीय ‘ॲप’ हा रामबाण असल्याच्या थाटात बोलले जात आहे. या साधनाचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु साधन म्हणजे साधना नव्हे. भ्रमणध्वनी हा निरोप्या आहे. निरोप मिळाल्यावर उठून जाणारा माणूस समाजानेच निर्माण करावा लागतो. तो असेल तर मोबाईल वरदान ठरतो. तो नसेल तर मोबाईल हा केवळ आकड्यांचा डोलारा उभा करतो.

डास गावात राहतो, रोग प्रवास करतो

हिवतापाचेच उदाहरण घेऊ. हिवतापाचा डास फार लांब उडत नाही. सामान्यतः एक-दोन किलोमीटर हाच त्याचा परिसर. परंतु रोगाचा परोपजीवी मात्र माणसाच्या रक्तातून एसटीने, रेल्वेने, मालमोटारीने शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो. समजा, एटापल्ली तालुक्यातील एखादा वनवासी तरुण मिरची तोडण्यासाठी तेलंगणात गेला आणि रक्तात परोपजीवी घेऊन गावी परतला. त्याला ताप नसेलही. वारंवार हिवताप होणाऱ्या भागातील माणसांच्या शरीरात हा परोपजीवी काहीही लक्षण न दाखवता वस्ती करून राहतो. परंतु गावचा डास त्याला चावतो आणि काही आठवड्यांत शेजारची चार मुले तापाने फणफणतात. डासाच्या मागे लागावे तर तो एका गावाचा प्रश्न असतो; रोगाच्या मागे लागावे तर तो माणसांच्या येण्या-जाण्याचा प्रश्न असतो.

हे येणे-जाणे मोजायचे कसे? केनियात त्यासाठी मोबाईलचा उपयोग करण्यात आला. जून २००८ ते जून २००९ या काळातील जवळजवळ दीड कोटी मोबाईलधारकांच्या नोंदी, त्यांची नावे वगळून, अभ्यासकांनी तपासल्या. कोणता फोन कोणत्या मनोऱ्याच्या परिसरातून निघून कोणत्या परिसरात गेला, हे त्यावरून कळले. मग हिवतापाच्या प्रादुर्भावाचा नकाशा त्याच्याशी जुळवून पाहिला. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातून राजधानी नैरोबीकडे माणसांबरोबर हिवतापाचाही ओघ कसा वाहतो, हे त्यातून स्पष्ट दिसले. रोगाचे उगमस्थान एकीकडे आणि रुग्ण दुसरीकडे अशी स्थिती असेल, तर केवळ रुग्णाच्या गावी फवारणी करून भागत नाही. उगमावरच घाव घालावा लागतो, हा त्याचा मथितार्थ.

टांझानियाचा भाग असलेल्या झांझिबार बेटांवर याच पद्धतीने २००८ च्या अखेरीस तीन महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बेटांवरील हिवताप तोवर बराच आटोक्यात आला होता. प्रश्न होता बाहेरून येणाऱ्या रोगाचा. बहुसंख्य प्रवासी जवळच्या दार-ए-सलाम शहरी जाऊन अल्पावधीत परतणारे, म्हणजे फारसा धोका नसलेले, असे दिसले. खरी जोखीम होती ती मुख्य भूमीवरील रोगग्रस्त भागात दीर्घकाळ राहून परतणाऱ्या थोड्या लोकांकडून. साऱ्यांना अडवण्यापेक्षा या थोड्यांची तपासणी करणे शहाणपणाचे, हे त्यातून उमगले.

पुढे याच बेटांवर एक साधी व्यवस्था उभी राहिली. आरोग्य केंद्रात हिवतापाचा रुग्ण आढळला की तेथील कर्मचारी मोबाईलवरून तत्काळ कळवतो. जिल्ह्याचा अधिकारी तो निरोप मिळताच रुग्णाच्या घरी जातो, घरातील इतरांचे रक्त तपासतो, बाधितांना औषध देतो, मच्छरदाणी आहे की नाही ते पाहतो आणि घराचे ठिकाण नकाशावर नोंदवतो. वाचकांनी येथे थांबून पाहावे. या साखळीत मोबाईलचे काम पहिल्या काही क्षणांत संपते. पुढचे सारे काम अधिकाऱ्याच्या पायांचे आणि हातांचे आहे. झांझिबारने नवे असे काही केले नाही; नारूच्या वेळी आपण जे पायी चालून केले, तेच त्यांनी निरोपाचा वेग वाढवून केले.

लघुसंदेशाने काय साधले?

मोबाईलचा दुसरा उपयोग त्याहून साधा, पण डोळे उघडणारा आहे. टांझानियाच्या तीन जिल्ह्यांत २००९-१० मध्ये एक प्रयोग झाला. दर आठवड्याला प्रत्येक आरोग्य केंद्रास एक लघुसंदेश जाई: तुमच्याकडे हिवतापाची औषधे किती शिल्लक आहेत? केंद्राने आकडा उलट पाठवायचा, एवढेच. प्रयोग सुरू झाला तेव्हा ७८ टक्के केंद्रांत कोणते ना कोणते औषध संपलेले होते. एकविसाव्या आठवड्यात हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले. या प्रयोगाने औषधांची नवी खरेदी केली नाही. गोदामात पडून असलेले औषध जेथे हवे तेथे पोहोचले, इतकेच.

केनियातील १०७ आरोग्य केंद्रांतील प्रयोगाचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तापाच्या बालरुग्णावर उपचार कसे करावेत याची आठवण करून देणारे छोटे संदेश कर्मचाऱ्यांच्या मोबाईलवर पाठवले गेले. योग्य उपचारांचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी वाढले आणि संदेश थांबल्यावर सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून राहिली. ज्ञान कर्मचाऱ्यांना होतेच. ते रोजच्या रेट्यात विसरले जाऊ नये, एवढीच गरज होती.

तिसरा उपयोग खऱ्या अर्थाने तंत्रज्ञानाचा म्हणता येईल. मध्य आफ्रिकेत ‘लोआ लोआ’ नावाचा एक कृमी रक्तात वास करतो. नदीकाठी अंधत्व आणणाऱ्या दुसऱ्या कृमिरोगावर आयव्हरमेक्टिन हे उत्तम औषध आहे. परंतु ज्याच्या रक्तात लोआचे सूक्ष्म कृमी फार मोठ्या संख्येने असतात, त्याला ते औषध दिले तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊन प्राणही जाऊ शकतो. या भीतीने कॅमेरूनच्या ओकोला भागात औषधवाटप बंद पडले होते. अमेरिकेतील बर्कली येथील अभ्यासकांनी मोबाईलच्या कॅमेऱ्यालाच सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब नळीत घ्यायचा. मोबाईल त्याचे चलतचित्र घेतो आणि कृमींच्या वळवळण्यावरून त्यांची संख्या दोन-तीन मिनिटांत सांगतो. या साधनाने ओकोलात सोळा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यांतील धोक्याच्या पातळीवरील सुमारे दोन टक्के लोकांना वगळून साडेपंधरा हजार जणांना औषध देण्यात आले आणि जिवावर बेतणारा एकही प्रकार घडला नाही. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळा जेथे पोहोचत नाही तेथे ती माणसाच्या झोळीतून नेता येते, याचे हे उत्तम उदाहरण. मात्र येथेही थेंब घेणारा माणूस रानातल्या वस्तीपर्यंत गेला, हे विसरता येत नाही.

आपल्या दारात

हे सारे परदेशात घडले म्हणून आपण टाळ्या वाजवायच्या, असे नाही. मंगळूर शहरात बांधकामांचा सुकाळ झाला, देशभरातून मजूर आले आणि हिवतापानेही तेथे ठाण मांडले. २०१५ पासून तेथील महापालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती टॅब देण्यात आले. ही संगणकप्रणाली स्थानिक डॉक्टर आणि तंत्रज्ञांनी मिळून घडवलेली, म्हणजे पूर्णतः स्वदेशी. रुग्णाचे निदान होताच त्याची नोंद त्या भागातील कर्मचाऱ्याच्या टॅबवर येते. तो घरी जातो, आजूबाजूच्यांची तपासणी करतो, डासांची पैदास कोठे होते ते शोधतो आणि रुग्णाचे औषध पूर्ण झाल्याखेरीज ती नोंद बंद होत नाही. चौदा दिवसांचा हा पाठपुरावा फार महत्त्वाचा. कारण ‘व्हायवॅक्स’ प्रकारचा परोपजीवी यकृतात दडून बसतो आणि त्याला हुसकावण्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, माणूस गोळ्या सोडून देतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी रोग पुन्हा डोके वर काढतो. मंगळुरात हिवतापाचे प्रमाण त्यानंतर लक्षणीय घटले.

महाराष्ट्रात या रोगाची दोन मोठी ठाणी आहेत आणि ती एकमेकांपासून सर्वस्वी भिन्न आहेत. एक मुंबई. येथील डास इमारतींच्या पाण्याच्या टाक्यांत, बांधकामावर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. दुसरे गडचिरोली. तेथे तो जंगलातल्या ओढ्या-झऱ्यांत वाढतो. तेंदूपानांच्या हंगामात माणसे रानात मुक्काम करतात आणि मच्छरदाणी घरीच राहते. मुंबईत मोबाईल आहे, रस्ता आहे, रुग्णालय आहे. उणीव आहे ती खासगी दवाखान्यांतील रुग्णांच्या तत्पर नोंदीची आणि सोसायटीच्या टाकीला झाकण बसवण्याच्या इच्छेची. गडचिरोलीत आशा स्वयंसेविका आहे, तिच्या पिशवीत रक्ततपासणीची पट्टी आहे, औषध आहे. पण अनेक वस्त्यांवर मोबाईलला ‘रेंज’ नाही.

ही रेंज का नाही, याचेही उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. दुर्गम भूगोल हे एक कारण आहेच; परंतु दंडकारण्यात माओवाद्यांनी मोबाईलचे मनोरे जाळले, रस्त्यांची कामे बंद पाडली, हेही तितकेच खरे. वनवासींचे कैवारी म्हणवणाऱ्यांनी जाळलेला प्रत्येक मनोरा म्हणजे तापाने फणफणलेल्या लेकरासाठी जाऊ न शकलेला एक निरोप होता. त्याच रानात तैनात असलेले आपले जवानही गोळीइतकेच हिवतापाशी झुंजत आले. डाव्या उग्रवादाने ग्रासलेल्या भागांत दोन हजारांहून अधिक ठिकाणी मनोरे उभारण्याची योजना केंद्राने २०१४ मध्ये मंजूर केली. अलीकडच्या वर्षांत या भागातील हिंसाचार ओसरत चालला आहे. बंदुकीमागून रोगही गेला पाहिजे, तरच त्या शांततेला अर्थ आहे. तोवर रेंज नसतानाही नोंद साठवून ठेवणारी आणि रेंजमध्ये येताच ती पाठवणारी प्रणाली हाच दुर्गम भागासाठी योग्य मार्ग होय.

आणि आशा स्वयंसेविकेचे काय? कागदाची वही भरायची, तीच माहिती पुन्हा मोबाईलवर भरायची, एका रोगासाठी एक ॲप, दुसऱ्यासाठी दुसरे, अशी तिची स्थिती झाली, तर ज्या साधनाने तिचे ओझे हलके व्हायचे तेच तिच्या डोक्यावर बसते. तिचे मानधन तुटपुंजे, तेही कधी वेळेवर मिळते, कधी नाही. तिने पाठवलेल्या निरोपाचे पुढे काय झाले हे तिला कोणी कळवत नाही. वरचेवर असे घडले की माणूस निरोप पाठवणेच सोडून देतो. माहितीचा प्रवाह खालून वर जातो तसा वरून खालीही आला पाहिजे: तुझ्या रुग्णाचे औषध निघाले, शेजारच्या गावात दोन रुग्ण सापडले, सावध राहा. टांझानियातील लघुसंदेश यशस्वी झाले, कारण आकड्याच्या उत्तरादाखल औषध आले.

माहिती कोणाची?

दुसरा एक प्रश्न राष्ट्रीय स्वाभिमानाचा आणि तितकाच व्यवहाराचा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी पाहिला. शोध थोर होता. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, तेही योग्यच. पण ज्यांच्या रक्तावर हे संशोधन झाले ती माणसे भारतीय होती आणि पुढे कोलकात्यात रॉस यांना साहाय्य करणारे किशोरीमोहन बंदोपाध्याय आपल्या पाठ्यपुस्तकांत कोठे दिसत नाहीत. ज्ञान येथल्या मातीतून निघावे आणि त्याचे धनीपण दूर कोठेतरी असावे, हा वसाहतकाळाचा वारसा आहे.

आज रक्ताच्या थेंबाऐवजी माहितीचा थेंब गोळा होतो. कोण कोठे गेला, कोणत्या गावात कोणता रोग आहे, कोणत्या वस्तीत कोणते औषध लागू पडत नाही, ही माहिती सोन्याहून मोलाची आहे. केनियाच्या मोबाईल नोंदींवरील संशोधनाचे नेतृत्व अमेरिकेतील विद्यापीठाने केले. त्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु आपल्या देशाची अशी माहिती आपल्याच संस्थांनी, आपल्याच संगणकांवर, आपल्याच प्रश्नांसाठी अभ्यासावी, हा आग्रह रास्त आहे. एप्रिल २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या ‘एकात्मिक आरोग्य माहिती मंचा’सारखी व्यवस्था त्या दृष्टीने योग्य दिशेची आहे. परदेशी दात्याने दिलेले ॲप त्याच्या प्रकल्पाची मुदत संपताच बंद पडते. आपण घडवलेली प्रणाली आपल्या गरजेप्रमाणे वाढते.

परंतु स्वदेशी म्हटले म्हणजे आपले काम संपत नाही. माहिती राष्ट्राच्या सीमेत राहिली तरी ती व्यक्तीची आहे. स्थलांतरित मजुराच्या फोनवर पाळत ठेवून त्याला ‘रोग आणणारा’ म्हणून गावाबाहेर काढले गेले, तर तो पुढच्या वेळी फोन बंद करून येईल आणि तापही लपवील. कोरोनाच्या काळात गावच्या वेशीवर शहरातून परतलेल्या आपल्याच लेकरांना अडवल्याचे आपण पाहिले आहे. म्हणून केनियाप्रमाणे नावे वगळूनच अशा नोंदी वापरल्या पाहिजेत. आणि जेथे नाव आवश्यक आहे, म्हणजे उपचारासाठी, तेथे ते फक्त उपचार करणाऱ्यालाच कळले पाहिजे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. त्या कायद्याचा आत्मा वनवासी पाड्यापर्यंत पोहोचवणे हे शासनाचे कर्तव्य. विश्वास हा कोणत्याही रोगनियंत्रणाचा पहिला डोस आहे.

शून्याच्या उंबरठ्यावर

स्वातंत्र्यप्राप्तीच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीची फवारणी झाली, कर्मचारी दर पंधरवड्याला घरोघर जाऊन ताप विचारू लागले, भिंतीवर भेटीची तारीख लिहू लागले. १९६५ मध्ये रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. विजय दृष्टिपथात आला आणि नेमके तेव्हाच आपण सैलावलो. फवारणी विस्कळीत झाली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, रक्तनमुन्यांच्या काचा प्रयोगशाळेत पडून राहू लागल्या; निदान हाती येईपर्यंत रुग्णाचा डासांमार्फत गावात प्रसाद वाटून झालेला असे. १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली.

आज आपण पुन्हा त्याच उंबरठ्यावर आहोत. २०१५ मध्ये देशात ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते. २०२३ मध्ये ती संख्या २ लाख २७ हजारांवर आली. मृत्यू ३८४ वरून ८३ वर आले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून भारताचे नाव वगळले. २०३० पर्यंत हिवतापमुक्त भारत हे उद्दिष्ट आहे. या यशात ओडिशासारख्या राज्याचा वाटा मोठा. तेथे दुर्गम पाड्यांवर शिबिरे भरवून ताप असो वा नसो, सर्वांचे रक्त तपासले गेले, औषधयुक्त मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. २०१६ मध्ये चार लाखांच्या वर असलेली रुग्णसंख्या २०१८ मध्ये सुमारे ६६ हजारांवर उतरली. त्यामागे कोणते चमत्कारिक ॲप नव्हते. डोंगर चढून गेलेली माणसे होती.

रुग्ण लाखांनी असतात तेव्हा फवारणीसारखे सरसकट उपाय चालतात. रुग्ण शेकड्यांवर येतात तेव्हा एकेक रुग्ण शोधावा लागतो, आणि तो रुग्ण हमखास सर्वांत दूरच्या, सर्वांत गरीब, सर्वांत दुर्लक्षित वस्तीत असतो. पं. दीनदयाळजींनी ज्या शेवटच्या माणसाला अंत्योदयाच्या केंद्रस्थानी ठेवले, त्याच्याच रक्तात शेवटचा परोपजीवी दडलेला असतो. मोबाईलचे खरे मोल याच टप्प्यावर आहे. १९६५ नंतर काचांच्या ढिगाऱ्यात जे अडकले, ते आज काही क्षणांत जिल्ह्याला कळू शकते. त्या वेळी आपल्याकडे माणसे होती, पण निरोप उशिरा येत होता. आता निरोप क्षणात येईल. माणसे कमी पडणार नाहीत ना, हा प्रश्न आहे.

म्हणून ही केवळ शासनावर सोडण्याची गोष्ट नव्हे. वनवासी कल्याण आश्रमाच्या आरोग्यरक्षक योजनेत गावातीलच एका व्यक्तीला प्राथमिक उपचारांचे शिक्षण आणि साध्या औषधांची पेटी दिली जाते. हा आरोग्यरक्षक आणि गावची आशा स्वयंसेविका यांनी एकमेकांच्या हातात हात घातला, तर निरोपाला उत्तर देणारा माणूस गावातच मिळेल. सुटीत सेवाकार्यासाठी जाणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी एखाद्या तालुक्याचा पाठपुरावा वर्षभर अंगावर घ्यावा. एका दिवसाच्या शिबिरापेक्षा चौदा दिवस गोळ्या घेतल्या का, हे विचारणारा फोन अधिक उपयोगी आहे. आपल्यापैकी जे संगणकक्षेत्रात आहेत त्यांनी गोंडी, माडिया, कोरकू बोलीत ऐकू येणारे संदेश घडवण्यास हातभार लावावा. वाचता न येणाऱ्या आजीला लघुसंदेश काय सांगणार?

आणि शहरातील आपल्या कुटुंबांसाठी तर काम अगदी दाराशी आहे. सोसायटीच्या टाकीवर झाकण आहे का, ते या रविवारी पाहावे. शेजारी सुरू असलेल्या बांधकामावरील मजुराला ताप आला तर ‘क्रोसिन घे’ म्हणून त्याची बोळवण न करता त्याचे रक्त तपासून घ्यावे आणि निदान झाल्यास पालिकेस कळवावे. घरात कोणाला हिवताप झालाच तर ताप उतरल्यावरही गोळ्या पूर्ण कराव्यात. या गोष्टी लहान आहेत. पण नारू अशाच लहान गोष्टींनी गेला. पाणी गाळून प्या, विहिरीत उतरू नका, कोणाला झाले तर कळवा, एवढेच तर आपण सांगत होतो.

कोणत्या तरी उपकेंद्रातून आज रात्री एक निरोप निघेल: अमुक वस्तीवर एक रुग्ण सापडला. तो उपग्रहाच्या वा मनोऱ्याच्या साहाय्याने क्षणार्धात जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचेल. पुढे त्या वस्तीकडे जाणारी पाऊलवाट मात्र कोणालातरी पायांनीच तुडवावी लागेल. ती तुडवणारी माणसे ज्या समाजात आहेत, त्या समाजातून रोग जातो. नारूच्या वेळी ती माणसे आपल्यात होती. आजही ती आहेत, हे सिद्ध करण्याची वेळ आली आहे.